रिक्तिका

रात्रीचे पावणेदोन.
स्वान्सीत वारा खाडीकडून येतो
आणि खिडकीची रबरी कड उगाच चोखत बसतो.
आत तीस अंश. चोवीस बश्या,
ज्यांत मी माझ्याच हाताने कॅडमियम घातलंय,
पंगतीत मीठ वाढावं तसं बेताबेताने,
पुढच्या पानाला किंचित जास्त.

यीस्टला दार लावून घेता येत नाही.
जस्त लागतंच, कॅल्शियम लागतंच,
आणि कॅडमियम त्यांचाच सदरा घालून आत शिरतं.
मग पेशी ओरडत नाही. हिशेब काढते.
गंधक कुठे कुठे गुंतलंय ते बघते.
ज्या प्रथिनांना ते फार लागतं त्यांना घरी बसवते,
थोडक्यात भागवणाऱ्या चुलत बहिणींना कामाला लावते,
आणि वाचलेल्या गंधकाचे बारीक चिमटे करते.
दोन चिमटे, मध्ये एक कॅडमियम.
असं धरून, पदरचं इंधन जाळून
ते ढकलते आतल्या एका कोठीत.

कोठीचं नाव पाठ्यपुस्तकात रिक्तिका.
नववीत घोकलं होतं. रिक्त म्हणजे रिकामी.
ज्याने हे नाव ठेवलं
त्याने आत डोकावलं नसणार.

टेक्विन पिवळ्या पिशव्या न्यायला येतो
तेव्हा दोन मिनिटं थांबतो. परवा म्हणाला,
मग ते बाहेर कधी टाकतात?
टाकत नाहीत, म्हटलं. ठेवतात.
तो पिशवीची गाठ मारत राहिला,
एका गाठीला लागतो त्याहून जास्त वेळ.
मग सांगू लागला, आजोबा तांब्याच्या भट्टीवर होते,
इथेच, नदीच्या वरच्या अंगाला.
दरीत तेव्हा गवताचं पातं नव्हतं.
तो नऊ वर्षांचा असताना मास्तरांनी
सगळ्या वर्गाला तिकडे नेलं,
हातात एकेक बर्चचं रोप दिलं.
"माझं मेलं. हाऊएलचं जगलं.
अजून जाऊन बघतो. हाऊएलचं."

माझ्याकडेही तांब्याची एक गोष्ट होती:
कल्हई उडालेल्या पातेल्यात राहिलेलं ताक.
कळकणं याला इंग्रजीत शब्द सापडेना,
तेव्हा जीभ बाहेर काढून, तोंड वाकडं करून सांगितलं.
त्याला बरोब्बर कळलं.

दुसरी गोष्ट सांगितली नाही.
भोसरीला पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं
बाबा बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढवायचे.
घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे,
बशीतून चहा प्यायचे,
आणि शेडबद्दल अवाक्षर नाही.
कुणी विचारलं तर, चाललंय.
पुढे जे सांगायचं ते मूत्रपिंडांनी सांगितलं,
लॅबच्या कागदावर, दोन दशांश स्थळांपर्यंत.
इथल्या मुलाखतीत विचारलं होतं, हाच विषय का?
म्हटलं, रस आहे.

सकाळी ठिपके मोजेन.
चौदाव्या बशीपर्यंत असतील, पंधरावीत विरळ,
सोळावीत बहुधा काहीच नाही,
किंवा एखादा, अगदी कडेला,
जो कुठल्याच आलेखात नीट बसणार नाही.

तोवर एक पेशी भिंगाखाली घेते.
रंग दिल्यामुळे कोठी तेवढी उजळलीय.
एका बाजूला कळी फुटलीय;
इंग्रजीतही तिला मुलगीच म्हणतात.
आईच्या कोठीतून एक मणीदार धागा निघतो,
अरुंद मानेतून वाकून
लेकीच्या अंगात जातो.
कोठी तिलाही लागेलच ना.

धाग्याबरोबर आणखी काय जातं
ते या रंगात दिसत नाही.
त्याला दुसरा रंग लागतो.
मागवलाय.
गुरुवारपर्यंत येईल म्हणतात.