धनकोंची यादी

धुळ्याच्या कोर्टाबाहेर, निंबाखाली,
माझा टाइपरायटर आता फक्त नावाला;
शेजारी पुतण्याचा कॉम्प्युटर, त्यावरच सगळं चालतं.
सुकलाल अमृतकर दुसऱ्यांदा आले.
बसायच्या आधी उपरण्याने स्टूल झटकलं,
अकरा वर्षांपूर्वी झटकलं होतं तसंच.

नादारीचा अर्ज. मजकूर तोच.
तेव्हा गल्ली नंबर चारमधला तेलाचा घाणा,
आता देवपुरातली इन्व्हर्टरची एजन्सी.
तेव्हा शेंगदाण्याने दगा दिला,
आता वीज जायची थांबली.

लोक म्हणतात, पहिल्या ठेचेने शहाणा झाला नाही.
पहिल्या पानापर्यंत मीही तेच म्हणत होतो.
चहा आला, तसे ते बोलू लागले.

"निकाल लागला आणि मी मोकळा.
आग्रा रोडने चाललो तर एक हाक नाही.
आधी देणेकरी म्हणून रोज दारात माणसं,
बायको शिव्या ऐकत त्यांना पाणी द्यायची.
मग पाणी मागायलाही कुणी येईना.
पानवाला सुपारी कातरायच्या आधीच हात पुढे करायचा.
दोन वर्षं रोखीने जगलो.
रोखीत माणूस घेतो आणि निघतो,
परत कधी येणार, कुणी विचारत नाही.
मग नाशिकचा एक सेल्समन आला.
म्हणाला, शेठ, माल उतरवून घ्या, पैशाचं बघू.
शेठ म्हणाला तो.
मी खोकी मोजलीच नाहीत."

हे अर्जात कुठे बसवायचं?
कारणाला तिथे दीड ओळ असते.
'व्यापारातील मंदी' लिहिलं.

मग यादी. बँक, दोन पतपेढ्या, साडू,
त्या सेल्समनची कंपनी,
धरून बावीस नावं.
तेविसावं मी माझंच टाकणार होतो:
पहिल्या अर्जाचे साडेतीनशे,
टायपिंग आणि झेरॉक्स, अजून बाकी.
त्यांनी माझं मनगट धरलं.
इतका वेळ कोर्टाची मराठी बोलणारा माणूस
एकदम घरच्या बोलीत आला:
"तुमनं नाव टाकू नका, भाऊ.
तुमना पैसा मी देसू."

बावीसच्या खाली रेघ मारली.
वहीत जुन्या साडेतीनशेखाली
आजचे आठशे लिहिले.
ते उठले, स्टूल जागेवर सरकवलं,
चार पावलं जाऊन वळले:
"सकाय शेतस ना तुम्ही?"