जित्ता शे

धरणगावहून एरंडोलकडे, मार्गशीर्षात.
साडेअकराचं ऊन डाव्या खांद्यावर,
पिशवीत सत्त्याऐंशी घरांचं रीडिंग
आणि तिघांपुढे शेरा : दार बंद.

समोरून पांढरी गाडी. बॉनेटवर झेंडूची माळ.
काचेवर दोन नावं, मधे लाल बदाम.
हितेंद्र, एवढं वाचलं. दुसरं राहिलं.
वीस वर्षं मी वाचण्याचाच पगार घेतो,
अर्धवट सोडलेलं हे एकच.

आवाज आठवत नाही.
आठवतं ते आभाळ, पायांखाली गेलेलं,
आणि त्यातून माझी एक चप्पल
निवांत चाललेली, माझ्याशिवाय.

मग डांबर.
कानात जुन्या मीटरची चकती फिरत होती,
तांबडी खूण येत होती, जात होती, येत होती,
घरात कुणी नसताना दिवा चालू राहिल्यासारखी.

मुंडावळ्या बांधलेला एक माणूस माझ्यावर वाकला.
वाटलं, हा यम.
पण यमाचे हात असे थरथरले नसते.
उपरण्याने तो माझा गुडघा बांधू लागला,
गाठ बसेना.
'मला नाही जमत हो,' म्हणाला,
जणू मी उठून दाखवणार होतो.
मागून कुणीतरी ओरडलं : मुहूर्त! बारा पस्तीस!

तेवढ्यात बांध ओलांडून वेचणीच्या बाया आल्या.
ओट्या कापसाने फुगलेल्या,
साऱ्याच नवव्या महिन्यातल्या दिसत होत्या.
एकीने ओटीत हात घातला,
मूठभर कापूस कपाळावर दाबला.
तो लाल झाला. दुसरी मूठ. तिसरी.
'तुनं नाव काय शे?'
मी म्हणे कुणाचा तरी ग्राहक क्रमांक सांगितला,
बाराच्या बारा आकडे, न चुकता.

तेव्हा ती रस्त्याकडे वळून ओरडली,
शेतापलीकडच्या माणसाला
जेवायला हाक मारावी तशी :
'जित्ता शे! जित्ता शे रे!'

तोवर माझी खात्री नव्हती.

जळगावच्या डॉक्टरांनी चौदा टाके घातले,
जखमेतून सहा सरक्या काढल्या.
एखादी राहिली असावी.
थंडीत भुवईवर काहीतरी चुळबुळतं.
बायको म्हणते, पाणी लावू नका, रुजेल.

नवरदेवाचा मामा आला, पेढे आणि पाकीट घेऊन.
लग्न लागलं, सव्वादोनला.
मी पेढा घेतला, पाकीट परत केलं.
दुसऱ्यांदा आला तेव्हा पाकीटही घेतलं.
खोटं कशाला सांगू?

दर महिन्याला पोलीस ठाण्याचं रीडिंग माझ्याकडेच.
मागच्या भिंतीशी माझी मोटारसायकल उभी,
मुद्देमाल, पाठीवर पांढरा नंबर,
पुढच्या चाकातून गुळवेल वर निघालेली.
काच फुटली, पण आकडा दिसतो :
एक्केचाळीस हजार तीनशे आठ.
सवयीने तोही लिहितो.
मागील रीडिंग. चालू रीडिंग. वापर : शून्य.
हवालदार विचारतो, हे कोणाचं बिल?

एका मुठीत कापूस किती मावतो
ते मी किराणा दुकानाच्या काट्यावर पाहिलं.
चाळीस ग्रॅम.
तीन मुठी. वेचणी किलोला दहा रुपये.
म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी
तिच्या मापात एक रुपया वीस पैसे कमी भरले
आणि मालकाने बहुतेक विचारलंही असेल, का.

तिने माझं नाव विचारलं. मी तिचं नाही.
तेव्हापासून दारोदार चेहरे बघत नाही,
आवाज ऐकतो.

परवा एका ओट्यावरून कुणी पोराला हाक मारली.
माझा बॅटरी धरलेला हात थांबला.
टोपी कपाळावर होतीच, काढली नाही.
'कितलं उनं, भाऊ?'
मी युनिट सांगितले.
जिभेवर अजून काहीतरी होतं,
आणि सव्वा रुपया काही खिशातून काढून देता येत नाही.
तीच होती का? कोण जाणे.
तिने तांब्या पुढे केला.
'पानी ले.'

एरवी मी उभ्यानेच पितो.
त्या दिवशी पायरीवर बसलो,
एक गुडघा वाकवून, दुसरा वाकत नाही.
पुढे अजून एकोणीस घरं होती.