लाल रकाना

नव्या अभ्यासक्रमाचं वेळापत्रक माझ्याच टेबलावर आलं.
विषय: नाद आणि यंत्र. श्रेयांक चार.
शिक्षक तीन. विभागाचा रकाना एक.
मी 'संगीत, पदार्थविज्ञान' असं टाकलं.
संगणक म्हणाला, एकच पर्याय निवडा.
स्वल्पविराम काढला, तिरकी रेघ दिली.
रकाना लालचा लाल.

साहेब म्हणाले, अरे घारपुरेभाई, चालशे, काहीतरी टाक ने.

काहीतरी म्हणजे काय ते बघायला
बुधवारी तीन वाजता हजेरीपट बगलेत मारून वर गेलो.

खिडकीतून सयाजीगंजचे हॉर्न येत होते.
गुळवणी सर सतरंजीवर,
ठाकोर बाई वायर सोडवत,
तंबोऱ्याच्या भोपळ्याला चिकटपट्टीनं डकवलेला माइक.
सरांनी घोडीवरचा दोरा केसभर सरकवला
आणि आवाज उघडला.
पडद्यावर दोन काठ्या होत्या
तिथे वीसएक उभ्या राहिल्या, शाळा सुटल्यासारख्या.
मला गाण्यातलं कळत नाही. काठ्या मोजता येतात.

मागून वस्त्रविद्येच्या नफीसा वोरानं विचारलं,
सर, हा दोरा कुठल्या पिळाचा?
एसचा की झेडचा?

सरांनी दोऱ्याकडे पाहिलं.
चाळीस वर्षं ओठांत ओला करून तोडलेला दोरा.
म्हणाले, माहीत नाही.
बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, मलाही नाही.

तेवीस वर्षं या कचेरीत आहे,
इतक्या कमी शब्दांची मीटिंग पाहिलेली नाही.

नफीसानं पर्समधून भिंग काढलं,
कुणी कंगवा काढावा तसं.
तिघं वाकली. त्यांच्यामागे कृपेश,
ज्याला नुसती आज्ञावली लिहून
पाचची मकरपुऱ्याची बस गाठायची होती.
ती चुकली.

उत्तर काय निघालं ते मला ऐकू आलं नाही.
हजेरी न घेताच खाली उतरलो.

रकाना अजून लाल आहे. परिपत्रक येईल म्हणतात.
मी मात्र बाहीचा दोरा सुटला की
लगेच तोडत नाही.
चष्मा कपाळावर सारतो, उजेडाकडे धरतो.
झेड. बहुतेक झेड.
काल उलटा धरून पाहिला.
तरी झेडच.

असं का, हे विचारायचं आहे.
कुठल्या विभागात जाऊ?