पाळीचं पाणी

सभा भरली मार्लिसच्या गॅरेजमध्ये,
बर्फ भोकसायच्या ड्रिलखाली, घडीच्या खुर्च्यांवर.
उत्तर मिशिगनमधलं एक तळं, सत्तावीस घरं, अकरा बोटी,
आणि स्कीचा एकच कोर्स:
सहा लाल गोळे, जायचं दार, यायचं दार.
अख्खा जुलै सगळ्यांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं होतं.

वही माझ्याकडे आली, कारण मला स्की येत नाही.
पोहताही येत नाही, म्हणजे मी निःपक्ष.
"अक्षरसुद्धा छान आहे तिचं," वर्नर म्हणाला,
ज्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

एक. सहा फेऱ्या झाल्या, किंवा दोनदा पडलं,
की दोरी पुढच्याला.
लाटेमुळे पडलो ही सबब चालणार नाही.
(इथे टोबायस उगाच खोकला.)
दोन. गोळा फोडेल त्याने गोळा आणावा,
आणि गाठही त्यानेच मारावी, बुडी मारून.
तीन. हवेच्या ट्यूबवर पोरं बसवून कोर्समधून ओढू नयेत,
पोरं कितीही रडली तरी.
चारवर दीड तास गेला.
पहाटेचं काचेसारखं पाणी स्कीवाल्यांना हवं,
तेच केटुनेनला गळ टाकायला,
तेच मार्लिसला, नुसतं बघायला.

माझे आजोबा पांझरेवर पाटकरी होते.
रात्री दोन वाजता कुणाच्या फडाचं दार उघडायचं,
कुणाचं लावायचं, सगळं तोंडी.
खांद्यावर फावडं, खिशात उसनं घड्याळ.
तिथे एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याचा ऊस
चार दिवसांत बोलून दाखवायचा.
इथे दिवसभर कापा, घुसळा, ओढा,
संध्याकाळी तळं तेवढंच्या तेवढं.
मग ही माणसं भांडतात कशावर?

काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात.
म्हण करणाऱ्याने मोटारबोट पाहिली नसावी.
मी तीन दिवस धक्क्यावर घड्याळ घेऊन बसले.
बोट सरळ गेली, थांबली, सरळ परतली,
तर लाटा बसतात चार मिनिटांत.
टोकाला गर्रकन वळवली
तर लाट काठावर आपटून परत येते, पुन्हा जाते,
अकरा मिनिटं.
वरची सात कुणाची तरी होती.
मी आकडे वाचले.
गॅरेजमध्ये पहिल्यांदाच कुणी काही बोललं नाही.

पाच. पडलेल्याकडे बोट हळू न्यावी,
जणू कुणी झोपलेल्या खोलीतून.
"जणू खोड," वर्नर म्हणाला, "नियमात जणू नसतं."
खोडलं.
सहा. ऑगस्टातल्या रविवारी केटुनेनची होडी
चौथ्या गोळ्याशी नांगरलेली असेल.
तिला सातवा गोळा समजावं.
यावर म्हाताऱ्याने सही केली, मासे मोजतात तशी, बोट ठेवून.
सात. वल्ह्याचं काहीही, होडी, कयाक,
कोर्सच्या दारातून नेऊ नये.
हा मीच सुचवला. आवाजी मतदान, एकमत.

सप्टेंबरात, धुकं पाण्याला टेकलेलं,
मी मार्लिसचं केशरी जाकीट घट्ट बांधून
तिच्याच कयाकमध्ये बसले
आणि दारातून आत गेले.
पहिला उजवीकडून, दुसरा डावीकडून,
पाटाच्या वळणासारखी, ढोपरं थरथरत.
ते सोळा सेकंदांत जातात. मला बावीस मिनिटं लागली.

बाहेर पडते तोच धुक्यातून केटुनेन,
थर्मासचं झाकण फिरवत:
"तिसरा गोळा आतून गेला तुझा.
धरत नाही."

सातव्या नियमाचं त्याने नावही काढलं नाही.
मी वळले, हळू,
दाराशी जाऊन थांबले,
आणि माझीच बारकी लाट बसायची
वाट पाहत राहिले.