साठ सेंटिमीटर

नळी साठ सेंटिमीटरची, तूलिक्की नर्स म्हणाली,
आणि हवेत दोन्ही हात फाकवून दाखवली,
गळाला लागून सुटलेला मासा दाखवतात तशी.

एकतीस वर्षं मी टोचून घेत आले
वाचनालयाच्या बसमध्ये, मागच्या मांडणीपाशी,
पाककृती आणि प्रवासवर्णनं यांच्या मधल्या फटीत
स्वेटर वर करून.
कुह्मोपासून सरहद्दीपर्यंत सतरा थांबे.
कुणाला कळलं नाही.
आता कमरेला हा पंप:
काडेपेटीहून जरा मोठा, साबणाच्या वडीहून जरा लहान,
आणि माझ्यापेक्षा शिस्तीचा.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीत नळी अडकली.
दार तिकडे, मी इकडे.
तोंडून निघाली ती शिवी मला येते
हे मलाच माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच मूठ, तीच शिवी.
तिसऱ्या दिवशी उठून पाहते तर
उर्होने मुठीवर जुना लोकरी मोजा चढवलेला.
बोलला काही नाही. तो असाच बोलतो.

सहाव्या थांब्यावर छोट्या एलीने बोट दाखवलं,
"यात गेम आहे?"
आहे, म्हटलं.
"कितव्या पातळीवर आहेस?"
एकतिसाव्या.
डायनासोरचं पुस्तक छातीशी धरून
तो आदराने उतरला.

बाहेर उणे अठ्ठावीस.
नळी कातडीलगत ठेवायची, नाहीतर आतलं औषध गोठतं.
म्हणजे मला जगवणाऱ्यालाही
ऊब माझीच लागते.
हे कळल्यावर मला त्याचा राग जरा कमी आला.
जराच.

शनिवारी सौना.
तिथे ह्याला प्रवेश नाही,
उन्हात दूध नासतं तसं औषध नासतं.
टॉवेलात गुंडाळून बाहेरच्या खोलीत ठेवला, खिडकीशी,
आणि वरच्या फळीवर जाऊन बसले.
नुसती मी.
तापल्या दगडांवर पळीभर पाणी, चर्र,
पाठीवरून घामाचे ओहोळ.
वाटलं होतं, चुकल्याचुकल्यासारखं होईल,
हात आपोआप कमरेशी जाईल.
छे. खोटं कशाला बोलू?
इतकं मोकळं वाटलं की विसरलेच.
मग कॉफी, मग दालचिनीचा पाव, मग बातम्या,
आणि बातम्यांच्या आड उर्हो उभा,
एका तळहातावर पंप,
दुसऱ्यावर अंडी उकडायचं घड्याळ.
"एक तास पाच मिनिटं," म्हणाला.
त्याने ते कधी लावलं होतं कोण जाणे.

अंथरुणात ह्याला ठेवायचा कुठे,
हे माहितीपुस्तिकेच्या कुठल्याच पानावर नाही.
उशीखाली गुदमरतो, पोटाखाली टोचतो,
शेवटी दोघांच्या मधे.
सव्वीस वर्षं उर्हो माझ्या श्वासावर कान ठेवून झोपला.
माझ्या घामाचा वास बदलला की जागा व्हायचा,
मी चावले, ओरडले, त्याला परका पुरुष म्हटलं
तरी रस पाजायचा, घोट घोट,
आणि सकाळी त्यातलं काही सांगायचा नाही.
आता साखर उतरू लागली
की हा आपणहून हात आखडतो,
नाहीच जमलं तर थरथरून मला उठवतो.
एका माणसाची नोकरी गेली,
निरोपसमारंभाशिवाय.

काल तीनला डोळे उघडले.
उर्हो कोपरावर रेललेला,
चेहऱ्यावर पडद्याचा हिरवट उजेड,
चष्म्याविना, ओठ हलवत आकडे लावणारा.
"किती?" मी विचारलं.
"सहा पूर्णांक एक."
"बरंय ना?"
"बरंय," म्हणाला,
आणि तसाच रेलून राहिला.

उशाशी रानबेरीच्या रसाची बाटली अजून आहे.
महिनाभर लागलेली नाही.
दर रविवारी तो जुना रस ओततो,
बाटली धुतो, ताजा भरतो.
झाकण मुद्दाम सैल ठेवतो,
अंधारात एका हाताने उघडेल इतकं.