मास्टर

रुवीत माझं दुकान. दिशदाशा, अबाया, शाळेचे गणवेश.
त्या दुपारी ऑपेरातून गाडी आली :
पांढऱ्या झग्याचे हूक तुटलेत, सुईदोरा घेऊन चला.

मस्कतच्या रस्त्यावर, पोस्टरात, ती पुलाएवढी उंच.
इथं स्टुलावर, पाय बर्फाच्या बादलीत,
मक्याचं कणीस खात बसलेली. झिनाइदा.

दुभाषी पोरगी सांगत होती :
उरलकडचं गाव, आई बटाट्यांच्या गोदामात.
नवव्या वर्षी कुणीतरी येऊन
हिच्या पायांची लांबी टेपनं मोजली
आणि आगगाडीत बसवलं.
पुढं अकरा वर्षं मागच्या रांगेतला हंस.
मग एका रात्री पुढची घसरून पडली.
"नशीब," दुभाषी म्हणाली.
मी बर्फातलं काळं पडलेलं नख बघत होतो.

टेप मीही काढली.
कंबर साडेबावीस.
माझ्या धाकटीची दहाव्या वर्षी होती तेवढी.

बुटांच्या फिती मात्र तिनं मला शिवू दिल्या नाहीत.
जाड दोरा, ओबडधोबड टाके, शेवट दातानं तोडलेला.
ज्यानं मला कात्री धरायला शिकवलं
त्यानं या शिवणीला कानफटात दिली असती.
पण ओढून पाहिलं. हलत नव्हती.

तेवढ्यात दारातून हमदान ओरडला,
"मास्टर!"
मी वळलो.
ती बादलीतून उठून ताठ उभी :
हनुवटी वर, खांदे खाली, टाचेला टाच,
कणीस पाठीमागं लपवलेलं.