रकाना क्रमांक नऊ

जिनिंगच्या आवारात, जुन्या वजनकाट्याच्या खोलीत
आमचं ऑफिस :
शेठ दगडूसा मोतीसा सार्वजनिक न्यास, चोपडा.
काटा भंगारात गेला. त्याचा चौथरा उरला,
त्यावर माझं टेबल.

सतरा फेब्रुवाऱ्या मी इथे अर्ज उघडतेय.
यंदा बेचाळीस.
मूकबधिर शाळेला आठ श्रवणयंत्रं, सेलसकट.
यावलकडच्या तडवी बायकांच्या गटाला पिठाची गिरणी.
एका वाचनालयाला नुसतं छप्पर;
पुस्तकं सध्या सरपंचांच्या गोठ्यात आहेत,
असं प्रांजळपणे लिहिलंय.
कुठला अर्ज सीएनं टाइप करून दिला
आणि कुठला शाळेतल्या पोरीनं समास सोडून लिहिला,
मला न वाचता कळतं.

अठ्ठाविसावा त्या पोरीच्या अक्षरातला.
संस्था : तापीमाय जलरक्षक मंडळ.
मागणी : रबरी बोट एक, गळ, दोर शंभर फूट, बॅटऱ्या.
कामाचे स्वरूप : बुडालेल्यांना काढणे.
रकाना क्रमांक नऊ, लाभार्थी संख्या –
कोरा.

कोरा रकाना चालत नाही.
फोन लावला. अध्यक्ष धुडकू झावरू सपकाळे
काठावरूनच बोलत होते, मागे पाणी ऐकू येत होतं :

“ताई, तिठे काय लिखू?
जो बुडना तो मोजाना,
का काठवर बठेल त्यानी माय मोजानी?
दोन दिन ती जेवत नही. तीन दिन.
आमी काढी दिधा का मंग रडस.
ते रडनं कोनता रकानामा टाकू?”

मी म्हटलं, बघते.
मी फार वेळा म्हणते, बघते.

पाहणीला गेले. केळीच्या बागा संपल्या की नदी,
आणि नदीत वाळू उपसून केलेले डोह,
वरून सगळे सारखेच दिसणारे.
ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा, वर खाटेचा सांगाडा :
ही सध्याची बोट.
दोनशे पानी वहीत नोंदी. तारीख, वय,
अंगावरचे कपडे, कोणाच्या ताब्यात दिला.
शेवटच्या ओळीत प्रत्येक वेळी
“चहा घेतला नाही.”

बैठकीत एक विश्वस्त म्हणाले, चांगलंच काम आहे,
पण अहवालात फोटो कसला छापणार?
मागच्या मुखपृष्ठावर शिलाई मशीनवाल्या मुली होत्या,
हसऱ्या.
मी वही पुढे सरकवली.
थोरले शेठ बराच वेळ पानं उलटत राहिले.
मग म्हणाले, बोटीचं कोटेशन कितीचं?
एक लाख चाळीस हजार मागितले होते.
नव्वद मंजूर. दोन हप्त्यांत.
बाकी लोकसहभाग.

माझे वडील याच काट्यावर तोलाई होते.
सांगायचे, कापसाच्या दर गाडीमागे
चार आणे कापायचे, पावतीवर लिहायचे ‘धर्मादाय’.
गाडीवाल्याला कोणी विचारायचं नाही, देतोस का म्हणून.
त्या गाड्या तापीकाठच्याच.
ते चार आणे वाढत वाढत इमारत झाले, ठेवी झाले,
आणि आता परत जायला निघालेत
अर्ज करून, तीन प्रतींत.

पहिल्या हप्त्यात बोट आली.
दुसरा अडला; दोराच्या बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता.
साठ फूट दोर त्यांनी उधारीवर घेतला.
डोह किती खोल आहेत,
ते आमच्या अर्जात विचारलेलं नाही.

लाभार्थी संख्या शेवटी मीच भरली होती, पेन्सिलीनं.
ऑडिटरनं ती शाईनं पक्की केली.
आकडा सांगत नाही. कुठलाही चालला असता.

पुढच्या वर्षीचे अर्ज छापायला टाकलेत.
म्हटलं, नववा रकाना जरा रुंद करा.
प्रेसवाला म्हणाला, मॅडम, मग दहावा बसत नाही,
दहावा म्हणजे संस्थेचा पॅन नंबर.
मी गप्प राहिले तसा म्हणाला,
बघतो.